उलटे फिरणारे मीटर : एकलहऱ्याच्या धुराड्यांपासून नाशिकच्या गच्चीपर्यंत

१/
मनमाडकडून रेल्वेने नाशिकरोडला येताना एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्राची उंच धुराडी दिसू लागली, की जाणत्या प्रवाशाला स्थानक जवळ आल्याची खूण पटते. गाडी पुढे सरकते आणि शहराच्या गच्च्यांवर काळसर निळ्या सौरपाट्या चमकू लागतात. या दोन दृश्यांमध्ये जेमतेम अर्धशतकाचे अंतर आहे. तेवढ्या काळात वीज कंपनी आणि ग्राहक यांचे नाते कसे पालटले, त्याचा हा धागा.

२/
या कथेत कायदे येतील, आयोग येतील, धरणे आणि कारखाने येतील. नजर मात्र जिन्याखालच्या त्या लहानशा मीटरवर ठेवावी. कोण कोणाचे देणे लागतो, हे शंभर वर्षे तोच सांगत आला आहे. या हिशेबाची दिशा बदलली तेव्हा वीज कंपन्यांची सारी घडीच विस्कटली आणि ती पुन्हा बसवण्याचे काम अजून चालू आहे.

३/
आरंभी दिशा एकच होती. १९१५ साली टाटांच्या खोपोली केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना जलविद्युत मिळू लागली. १९१० च्या भारतीय विद्युत कायद्यान्वये सरकार कंपन्यांना विशिष्ट भागासाठी परवाना देई. ती कंपनी खांब उभारी, तारा ओढी, मीटर बसवी आणि पैसे गोळा करी. वीज केंद्रातून निघे आणि घरात येऊन संपे. घराकडून केंद्राकडे काही जाऊ शकते, ही कल्पना कायद्यात नव्हती आणि तारांच्या रचनेतही नव्हती.

४/
स्वातंत्र्यानंतर हेच चित्र मोठ्या प्रमाणावर रेखाटले गेले. १९४८ च्या वीजपुरवठा कायद्याने राज्य वीज मंडळांचा मार्ग मोकळा केला. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ १९६० साली अस्तित्वात आले. १९६० च्या दशकात कोयनेची वीज आली. १९७०-७१ मध्ये एकलहऱ्याचे पहिले दोन संच सुरू झाले आणि १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॅटचे आणखी तीन संच उभे राहिले. पहिले दोन पुढे निवृत्त झाले. कोळसा रेल्वेने येई, पाणी गोदावरीचे. वीज मोठ्या केंद्रात तयार व्हावी आणि लांबच्या घरापर्यंत जावी, हे त्या युगाचे सूत्र होते.

५/
या सूत्राखाली एक न लिहिलेला सामाजिक करारही होता. सातपूर-अंबडचे कारखाने, दुकाने आणि जास्त वीज वापरणारी घरे यांनी खर्चापेक्षा अधिक दर द्यायचा. त्यातून शेतीपंप आणि गरिबांच्या घरातला दिवा स्वस्तात चालायचा. अर्थशास्त्रात याला क्रॉस सबसिडी म्हणतात. निफाडच्या द्राक्षबागेतला पंप आणि कॉलेज रोडवरील बंगल्यातला वातानुकूलक हे एकाच खातेवहीत असे बांधलेले होते. पुढचा सगळा वाद समजून घ्यायचा, तर ही खातेवही लक्षात ठेवावी लागेल.

६/
आता मीटरकडे वळू. जुन्या मीटरमध्ये ॲल्युमिनियमची एक चकती असे. वीज वापरली जाई तशी ती सुलट फिरे आणि आकडे पुढे सरकत. जोडणी उलटी केली तर चकतीही उलटी फिरे आणि आकडे मागे जात. हा गुण वीजचोरांच्या चांगलाच ध्यानी आला. म्हणून पुढे आलेली इलेक्ट्रॉनिक मीटरे बहुधा अशी घडवली गेली, की प्रवाह कोणत्याही दिशेने वाहो, नोंद ‘वापर’ म्हणूनच व्हावी. २००३ च्या विद्युत कायद्यातील कलम १३५ नुसार मीटरशी छेडछाड ही वीजचोरी ठरते. थोडक्यात, मीटर उलटे फिरणे हा गुन्ह्याचा पुरावा होता.

७/
नेमक्या याच उलट्या फिरण्यातून जगाच्या दुसऱ्या टोकाला नवे धोरण जन्मले. १९७९ च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात स्टीव्हन स्ट्राँग या वास्तुरचनाकाराने इमारतींवर सौरपाट्या बसवल्या. दुपारी वीज उरली की ती तारांत परत जाई आणि चकती उलटी फिरे. चोरी कोणाचीच नव्हती. ग्राहक खरोखरच वीज परत देत होता. १९८३ साली मिनेसोटा राज्याने याला कायद्याचे रूप दिले : घेतलेली वीज वजा दिलेली वीज, आणि उरेल त्याचे बिल. यालाच आपण आज नेट मीटरिंग म्हणतो.

८/
जर्मनीने वेगळी वाट धरली. १९९० च्या कायद्याने वीज कंपन्यांवर नूतनशील वीज ठरावीक दराने विकत घेण्याचे बंधन घातले. तेथे परत दिलेल्या विजेची मोजणी वेगळी आणि तिचा दरही वेगळा.
फरक लहान वाटतो, परंतु सगळा तंटा त्यातच दडला आहे. नेट मीटरिंगमध्ये गच्चीवरच्या युनिटची किंमत घरात येणाऱ्या युनिटइतकीच धरली जाते. वेगळ्या दराच्या पद्धतीत ती कोणीतरी ठरवावी लागते. ती कोणी ठरवायची, या प्रश्नाशी आपण लवकरच येऊ.

९/
त्या काळात महाराष्ट्रात परत देण्याजोगी वीज कोणाकडे होती! जून २००५ मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती महानिर्मितीकडे, पारेषण महापारेषणकडे आणि वितरण महावितरणकडे गेले. पाठोपाठ आली भारनियमनाची वर्षे. तुमच्या आईवडिलांना विचारा : वेळापत्रक पाहून पिठाची गिरणी गाठणे, पाण्याची टाकी आधीच भरून ठेवणे, मेणबत्तीच्या उजेडात परीक्षेचा अभ्यास करणे. ज्यांना परवडले त्यांनी घरात इन्व्हर्टर आणि बॅटरी आणली. विजेची सोय कंपनीबाहेरही होऊ शकते, हा धडा मध्यमवर्गाने त्या अंधारात गिरवला.

१०/
जानेवारी २०१० मध्ये केंद्राने राष्ट्रीय सौर अभियान जाहीर केले. २०१५ साली त्याचे लक्ष्य वाढवून २०२२ पर्यंत १०० गिगावॅट करण्यात आले आणि त्यातले ४० गिगावॅट छतांवरून यावे असे ठरले. सौरपाट्यांच्या किमती झपाट्याने उतरत होत्या. सप्टेंबर २०१५ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने छतावरील सौरऊर्जेसाठी नेट मीटरिंगचे विनियम काढले. कालपर्यंत जो गुन्ह्याचा पुरावा होता, त्याचा आता महावितरणशी रीतसर करार होऊ लागला. त्यासाठी येणारी आणि जाणारी वीज स्वतंत्रपणे नोंदवणारे नवे मीटर बसवावे लागले. कारण जुने प्रामाणिक मीटर परत दिलेल्या विजेचेही बिल लावण्याचा धोका होता.

११/
हिशेब कसा चालतो ते पाहू. समजा, इंदिरानगरमधील एका घराच्या गच्चीवर ३ किलोवॅटचा संच आहे. एक किलोवॅटमागे महिन्याला सुमारे १२० युनिट धरले, तर एकूण ३६० युनिट झाले. घराचा वापर ३५० युनिट आहे. दिवसा घरातली मंडळी कामावर असतात, म्हणून बरीचशी वीज तारांत जाते. रात्री तीच मागे घेतली जाते. महिनाअखेरीस वापराचे बिल शून्य येते, स्थिर आकार तेवढा उरतो. शिलकीचे १० युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात आणि आर्थिक वर्षाच्या शेवटी उरलेली शिल्लक कंपनी ठरलेल्या दराने विकत घेते.

१२/
ग्राहकाच्या दृष्टीने वीज कंपनी ही जणू बिनव्याजी बँक झाली : दुपारी ठेवा, रात्री काढा. कंपनीच्या दृष्टीने मात्र वीज साठवता येत नाही. दुपारी आलेले युनिट तिला त्याच क्षणी शेजारच्या घरी पोहोचवावे लागते आणि रात्री परत द्यायचे युनिट दुसरीकडून विकत आणावे लागते. या दोन युनिटांची बाजारातली किंमत सारखी नसते. बिलावर ती सारखी दिसते.

१३/
कंपन्यांनी पहिली तटबंदी उभारली ती रोहित्रापाशी. २०१५ च्या विनियमांत एका रोहित्राच्या क्षमतेच्या ४० टक्क्यांपर्यंतच सौर जोडण्यांना मुभा होती. ढोबळ हिशेब करा : गल्लीच्या कोपऱ्यावर १०० केव्हीएचे रोहित्र असेल, तर साधारण ४० किलोवॅट, म्हणजे ३ किलोवॅटची १३ घरे. चौदाव्या घराचा सूर्यही तोच, पैसेही तयार; मात्र रांगेत उशिरा उभे राहिल्याचा दंड त्याला. २०१९ च्या नव्या विनियमांत ही मर्यादा ७० टक्क्यांवर नेण्यात आली. तेवीस घरांना वाव मिळाला.

१४/
ही मर्यादा निव्वळ आडमुठेपणातून आली नव्हती. रोहित्र, फ्यूज आणि संरक्षक रिले हे सारे वीज एकाच दिशेने येणार, असे गृहीत धरून बसवलेले असते. भर दुपारी गल्लीत मागणी कमी आणि निर्मिती जास्त झाली, की व्होल्टेज वाढते आणि प्रवाह उलटा रोहित्राकडे चढू लागतो. नाशिककरांना हे सांगायला नको. सातपूर आणि अंबडच्या वसाहतींत स्विचगिअर, म्हणजे प्रवाह जोडण्या-तोडण्याची उपकरणे, बनवणाऱ्या पिढ्या घडल्या आहेत. एका दिशेसाठी बांधलेला रस्ता दुहेरी करायचा, तर आधी चौक बदलावे लागतात.

१५/
आणखी एक नियम तर थेट जिवाशी निगडित आहे. तारांतील वीज गेली, की सौरसंचाचा इन्व्हर्टर आपोआप बंद झालाच पाहिजे. कारण खांबावर चढलेला लाइनमन तार मृत समजून हात लावतो; गच्चीवरून वीज येत राहिली तर ती त्याच्या प्राणावर बेतेल.
परिणामी एक विरोधाभास जन्मला. डोक्यावर ऊन तळपत असते, गच्चीवर लाखभरांहून अधिक खर्चाच्या पाट्या असतात आणि वीज गेली की त्या घरातही पंखा थांबतो. भारनियमनाच्या काळात बॅटरी घेणाऱ्या पिढीला हे पटवणे सोपे गेले नाही.

१६/
कंपन्यांची खरी धास्ती मात्र खातेवहीतली होती. आपले घरगुती दर टप्प्यांचे आहेत : पहिली १०० युनिट स्वस्त, पुढचे टप्पे चढत्या भावाचे. सौरसंच बसवणारा ग्राहक सर्वांत आधी वरच्या, महागड्या टप्प्यातून बाहेर पडतो. म्हणजे जो खर्चाहून अधिक देत होता, नेमका तोच निघून जातो. मागे उरतात सुमारे ४५ लाख शेतीपंप, झोपडीतले दिवे आणि भाड्याच्या खोल्या. खांब, तारा, उपकेंद्रे आणि पगार यांचा खर्च तेवढाच राहतो आणि तो वाटून घेणारी डोकी कमी होतात. दर वाढतात आणि आणखी ग्राहक गच्चीकडे पाहू लागतात.

१७/
दुसरी बाजूही तितकीच भक्कम आहे. गच्चीवरची वीज गल्लीतच खपते. चंद्रपूरहून नाशिकपर्यंतच्या तारांत होणारी गळती तिच्या वाट्याला येत नाही. निर्मितीसाठी भांडवल ग्राहकाने स्वतःच्या खिशातून घातलेले असते. कंपनीला त्या युनिटासाठी कोळसा लागत नाही, पाणी लागत नाही आणि जमीनही संपादावी लागत नाही. शिवाय क्रॉस सबसिडीचा भार कायम एकाच वर्गाने का वाहावा, हा प्रश्न सौरपाट्यांच्या कितीतरी आधीपासूनचा आहे. पाट्यांनी तो फक्त उघड्यावर आणला.

१८/
२०१९ च्या उत्तरार्धात संघर्ष ऐरणीवर आला. आयोगाने नव्या विनियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात नेट मीटरिंग आखडते घेऊन नेट बिलिंगकडे जाण्याचा विचार होता : ग्राहकाने दिलेल्या विजेला वेगळा, कमी दर आणि घेतलेल्या विजेला नेहमीचा. ग्राहक संघटना, सौर व्यावसायिक आणि अभ्यासक यांनी हरकतींचा पाऊस पाडला. डिसेंबर २०१९ अखेर अंतिम विनियम आले, तेव्हा नेट मीटरिंग शाबूत होते आणि नेट बिलिंग हा पर्याय म्हणून सोबत उभा होता.

१९/
त्यातच ‘ग्रिड सपोर्ट चार्ज’ नावाची एक तरतूद होती : तारांचा बँकेसारखा वापर केल्याचे शुल्क. १० किलोवॅटपर्यंतच्या ग्राहकांना त्यातून वगळले गेले. इतरांसाठीही राज्यातील छतावरील क्षमता २,००० मेगावॅट होईपर्यंत आकारणी लांबणीवर पडली; पुढे हा उंबरठा ५,००० मेगावॅटवर नेला गेला. तत्त्व मान्य झाले आणि वसुली पुढे ढकलली गेली.
तुलना करून पाहा. डिसेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या नियामकाने नव्या सौर ग्राहकांनी परत दिलेल्या विजेचे मोल सुमारे तीन-चतुर्थांशाने उतरवले. महाराष्ट्राने जे पाऊल उचलता उचलता मागे घेतले, ते तेथे पडले.

२०/
यानंतर केंद्राने सूत्रे हाती घेतली. ३१ डिसेंबर २०२० च्या ग्राहक हक्क नियमांत नेट मीटरिंगची हमी १० किलोवॅटपुरती होती. ओरड झाल्यावर २०२१ मध्ये ती ५०० किलोवॅटपर्यंत वाढली. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना आली : एक कोटी घरांचे लक्ष्य, १ किलोवॅटला ३०,०००, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट वा अधिकला ७८,००० रुपये अनुदान.
त्याच महिन्यातल्या नियमबदलाने चौदाव्या घराचेही भाग्य उजळले. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यतेची तपासणी लागणार नाही, आणि ५ किलोवॅटपर्यंतच्या जोडणीसाठी रोहित्र-तारा बळकट करायच्या असतील तर तो खर्च कंपनीचा.

२१/
दहा वर्षांपूर्वी अडवणाऱ्या रोहित्रालाच आता मोठे व्हायचे होते. दाराशी आलेल्या अर्जदाराला ‘क्षमता संपली’ असे सांगणाऱ्या कार्यालयाला आता क्षमता वाढवायची होती.
आता लढाईचे मैदान बदलले. पूर्वी प्रश्न ‘किती?’ असा होता. आता तो ‘केव्हा?’ असा झाला. हा बदल समजण्यासाठी गच्ची सोडून क्षणभर सह्याद्रीच्या कड्यावर जाऊ.

२२/
इगतपुरीच्या दक्षिणेला, भंडारदऱ्याच्या पलीकडे घाटघरचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. क्षमता २५० मेगावॅट, २००८ पासून कार्यरत. वर एक तलाव, खाली कोकणाच्या बाजूला दुसरा. कोळशाचे संच रात्री झटकन विझवता येत नाहीत, म्हणून मध्यरात्री वीज उरायची. त्या विजेने खालचे पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की खाली सोडून वीज काढायची. ‘रात्रीची वीज स्वस्त’ या सत्यावर हा अख्खा डोंगर पोखरलेला आहे.

२३/
कारखान्यांचे दरही त्याच सत्यावर बेतलेले होते. रात्री दहानंतर वीज वापरली तर सवलत मिळे, म्हणून अनेक भट्ट्या आणि यंत्रे तिसऱ्या पाळीत धडधडत.
सूर्याने हे घड्याळ फिरवले. सौरशेते आणि गच्च्या मिळून आता दुपारी वीज उतू जाते आणि संध्याकाळी, घरोघरी दिवे लागताना, एकदम ओढ लागते. कॅलिफोर्नियात २०१३ साली हा आलेख काढला गेला, तेव्हा त्याचा आकार बदकासारखा दिसला : दुपारी खोलगट पोट, सायंकाळी ताठ मान. बदकाच्या मानेवर चढण्यासाठी कोळशाच्या संचांना दुपारी मंदावून सायंकाळी धावावे लागते.

२४/
म्हणून २०२३ च्या केंद्रीय नियमांनी ‘सौर तास’ ही नवी संज्ञा आणली : दिवसातील आठ तास दर कमी, सायंकाळी जास्त. महाराष्ट्रात १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत सुरू झाली. कारखान्यांच्याही सवलतीचे तास रात्रीकडून दिवसाकडे सरकले. तिसऱ्या पाळीचे अर्थशास्त्र पहिल्या पाळीकडे आले.

२५/
याचा गच्चीशी संबंध काय? घड्याळ पाहणारे मीटर आले, की दुपारचे युनिट आणि रात्रीचे युनिट एकच आहे, हे नेट मीटरिंगचे मूळ गृहीतक हलू लागते. दिवसा दिलेली वीज दिवसाच्याच वापरातून वजा करावी, असा आग्रह वीज कंपन्या धरतात. तसे झाले तर आपल्या इंदिरानगरच्या घराला रात्रीच्या विजेचे पैसे मोजावे लागतील. २०१९ मध्ये दरवाजातून परत गेलेला प्रश्न घड्याळाच्या काट्यावर बसून पुन्हा आत येऊ पाहतो आहे.

२६/
आणि ज्यांना गच्चीच नाही, त्यांचे काय? पंचवटीतल्या जुन्या वाड्यात चार बिऱ्हाडे एका कौलारू छपराखाली राहतात. सिडकोतल्या भाडेकरूची गच्ची घरमालकाची असते. सदनिकाधारकाच्या वाट्याला गच्चीचा तुकडा येतो, तोही कागदावर. सोसायटीच्या लिफ्ट आणि पाण्याच्या पंपासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान मिळते, हा थोडासा दिलासा. तरीही छतावरील सूर्य आधी त्यांच्या दारी आला, ज्यांच्याकडे छत होते. तारांचा खर्च त्या वाड्यातल्या बिऱ्हाडाच्या माथी किती पडावा, हा या इतिहासाचा आजचा सर्वांत कठीण प्रश्न आहे.

२७/
मागे वळून पाहिले तर वीज कंपनीने जुळवून घेण्याच्या तीन पायऱ्या दिसतात. आधी तिने मोजले, म्हणजे दोन दिशांचे मीटर बसवले. मग अडवले, म्हणजे रोहित्राच्या टक्केवारीची वेस घातली. आता ती वेळ ठरवते आहे. प्रत्येक पायरीवर तंत्रज्ञानाचे उत्तर लवकर सापडले. पैशांच्या वाटणीचे उत्तर सुनावण्यांत, हरकतींत आणि मसुद्यांत शोधावे लागले. १९४८ च्या पिढीने तारा गावोगावी न्यायच्या ठरवल्या, तेव्हाही प्रश्न हाच होता : सामाईक वस्तूचा खर्च कोणी उचलायचा?

२८/
पुढच्या वेळी जिना उतरताना आपल्या मीटरसमोर क्षणभर थांबा. त्याचा आकडा फक्त पुढे जातो, की तो येणे-जाणे वेगवेगळे दाखवतो, की वेळही नोंदवतो? त्या एका खिडकीत तुम्हाला वीज मंडळाचे युग, गच्चीचे युग आणि घड्याळाचे युग यांपैकी एक दिसेल.
घरात जुनी वीजबिले जपून ठेवली असतील, तर ती टाकून देऊ नका. दर, टप्पे आणि आकार कसे बदलले, हे सांगणारी ती आपल्या घरातली अस्सल कागदपत्रे आहेत. सर्वांत जुने बिल कोणत्या सालचे सापडले आणि त्यावर युनिटचा दर काय होता, ते खाली जरूर लिहा.

धागा समाप्त.